राख नसलेली चूल

ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा रंगपट्टा, काढला की त्यात काळ्या रेषा दिसतात. ही लोखंडाची, ही कॅल्शियमची, ही मॅग्नेशियमची. विश्वातले पहिले तारे शोधणाऱ्याला मात्र नेमक्या याच रेषा नको असतात. त्याला हवा असतो जवळजवळ कोरा वर्णपट. हायड्रोजन, हेलियम आणि बस्स.

कारण विश्वाच्या कोठारात सुरुवातीला दुसरं काही नव्हतंच. महास्फोटानंतरच्या काही मिनिटांत वजनाने साधारण तीन भाग हायड्रोजन, एक भाग हेलियम आणि नावापुरतं लिथियम तयार झालं. मग विश्व इतकं विरळ नि थंड झालं की पुढचं शिजणं थांबलं. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड हे सगळं नंतरचं, ताऱ्यांच्या चुलीतलं. खगोलशास्त्रज्ञ या सगळ्यांना सरसकट ‘धातू’ म्हणतात, अगदी ऑक्सिजनलासुद्धा. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी इथे कानांवर हात ठेवावेत. पिढ्यांचे क्रमांकही उलटे आहेत. वॉल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये ताऱ्यांचे दोन गट पाडले, तेव्हा सूर्यासारखे तरुण पहिल्या गटात आणि म्हातारे दुसऱ्या गटात गेले. त्यामुळे सगळ्यांच्या आधी जन्मलेल्यांच्या वाट्याला तिसरा क्रमांक आला.

हे तारे अवाढव्य असावेत असं गणित सांगतं. वायूचा ढग आकसून तारा व्हायचा तर त्याला आतली उष्णता बाहेर टाकावी लागते. आज ते काम धूळ, कार्बन आणि ऑक्सिजन करतात, त्यामुळे ढग निरपेक्ष शून्याच्या वर १० अंशांपर्यंत गार होतो आणि त्याचे लहान लहान तुकडे पडतात. तेव्हा या कामाला फक्त हायड्रोजनचे रेणू होते, आणि ते २०० अंशांच्या आसपासच दमतात. एवढ्या गरम ढगाला स्वतःच्या वजनाखाली कोसळायचं तर तो मोठाच हवा. म्हणून पहिले तारे सूर्याच्या दसपट ते शेकडो पट असावेत. असे तारे इंधन उधळतात. सूर्याचं आयुष्य १,००० कोटी वर्षांचं, तर यांचं काही दशलक्ष वर्षांचं. शेवटी स्फोट होतो आणि आसपासच्या स्वच्छ वायूत राख मिसळते. एक पिढी मेली की पुढची पिढी कोरी राहत नाही. खरी अडचण हीच.

तरी त्यांत एखादा लहानखुरा असेल तर? सूर्याच्या ०.८ पटीहून कमी वस्तुमानाचा तारा आजही जळत असेल. म्हणून आपल्याच आकाशगंगेत झडती सुरू आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीच्या पाहणीतून सुमारे ६,००० प्रकाशवर्षांवरचा एक तारा हाती लागला. त्यात लोखंडाची रेषा सापडलीच नाही, म्हणजे लोखंड सूर्याच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही कमी. पण कार्बन निघाला. म्हणजे हा तारा पहिल्यांपैकी नव्हे. बहुधा अशा एकाच ताऱ्याच्या राखेतून जन्मलेला वारस.

दुसरी वाट दूरवर पाहण्याची. तिथे हेलियमची एक विशिष्ट रेषा शोधतात. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन उडवायला फार तापलेला तारा लागतो, आणि पहिले तारे तसे असावेत. २०१५ मध्ये ‘सीआर ७’ या दीर्घिकेत ही रेषा दिसल्याचं जाहीर झालं, धातूंचा मागमूसही नव्हता. नावात फुटबॉलपटू रोनाल्डोलाही सलाम होता, त्यामुळे बातमी जगभर गाजली. दोन वर्षांनी चिलीतल्या ‘आल्मा’ दुर्बिणीला तिथे कार्बन सापडला.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे तारा पाहायचाच नसतो. पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने भोवतालच्या हायड्रोजनला रेडिओ लहरी शोषायला लावलं असणार, आणि विश्वाच्या प्रसरणाने ताणल्या गेलेल्या त्या लहरी आज आपल्या एफएमच्या पट्ट्याजवळ येतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला असा खड्डा, म्हणजे शोषणामुळे रेडिओ लहरींत पडलेली घट, दिसल्याचं सांगितलं. तो अपेक्षेच्या दुपटीहून खोल होता. इतका खोल, की शंका यावी. जमिनीचे थर अँटेनाला चकवू शकतात, म्हणून बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या गटाने आपली ‘सारस ३’ ही अँटेना २०२० मध्ये कर्नाटकातल्या जलाशयांवर तरंगवली. पाण्याला थर नसतात. तिथे तो खड्डा मिळाला नाही, असं त्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं.

मग जेम्स वेब दुर्बीण आली. तिने दाखवलेल्या ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ या दीर्घिकेचा प्रकाश महास्फोटानंतर जेमतेम ३० कोटी वर्षांनी निघालेला. इतक्या मागे गेल्यावर तरी चूल कोरी असेल, असं वाटावं. २०२५ मध्ये आल्मानेच तिच्यात ऑक्सिजन शोधला. इथेही आपल्या आधी कुणीतरी शिजवून, जेवून, उठून गेलेलं होतं.