दलदलीतून निघालेले जेवण : सीफूड बॉइलची पार्श्वभूमी

अमेरिकेत ओहायो किंवा कॅन्ससमध्ये महामार्गालगतच्या एखाद्या शॉपिंग सेंटरमध्ये शिरावे, तर हमखास एक सीफूड बॉइलचे, म्हणजे मसालेदार पाण्यात उकडलेल्या खेकडे-कोळंबीचे, रेस्टॉरंट दिसते. टेबलावर कागद अंथरलेला, गळ्यात प्लास्टिकचा बिब, हातात मोजे आणि समोर एक वाफाळती पिशवी. तीत स्नो क्रॅबच्या नांग्या, कोळंबी, कणसाचे तुकडे, बटाटे, सॉसेज. सगळे लसूण-लोण्याच्या लालभडक रसात माखलेले. समुद्र तिथून दिवसभराच्या गाडीप्रवासावर. हे जेवण अशा जागी उपरे वाटते खरे, पण ते घडवले आहे आपला किनारा सोडावा लागलेल्या माणसांनीच.

सुरुवात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातली. 1755 पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या परिसरातल्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांना घरादारांतून हुसकावले. त्यांतले बरेच जण 1760 च्या दशकात लुइझियानाला पोहोचले आणि ‘अकेडियन’ हे नाव झिजत झिजत ‘केजन’ झाले. तिकडे एक लोककथा सांगतात : अकेडियन लोकांच्या मागोमाग त्यांचे लॉब्स्टरही निघाले, आणि त्या लांबच्या वाटेवर झिजून झिजून एवढेसे झाले. तेच क्रॉफिश. गोष्ट कल्पनेतली, पण परागंदा माणसांचे मन तिच्यात पुरते उतरले आहे.

क्रॉफिश गोड्या पाण्यातला, दलदलीत राहणारा जीव. मूळचे आदिवासी तो आधीपासूनच खात होते. म्हणजे आज ‘सीफूड’ म्हणवणाऱ्या या पंगतीतला पहिला मानकरी समुद्रातला नाहीच. बराच काळ क्रॉफिश गरिबाघरचे खाणे मानले गेले. मग 1959 मध्ये ब्रो ब्रिज या गावाला राज्याने ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ ठरवले आणि पुढच्याच वर्षी तिथे उत्सव सुरू झाला. भातशेतीशीही त्याची छान जोडी जमली. कापणीनंतर खाचरांत पुन्हा पाणी सोडायचे, उरलेल्या धसकटांवर क्रॉफिश पोसायचे आणि हिवाळ्यापासून पिंजरे लावून पकडायचे. भर हंगाम वसंतात येतो. नेमके तेव्हाच कॅथलिक केजनांचे लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, असते, शुक्रवारी मांस वर्ज्य असते. पोटाची आणि धर्माची सोय एकाच पातेल्यात झाली.

ही पातेल्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. जिवंत क्रॉफिश गोणीने आणतात, चिखल निघेपर्यंत धुतात. अंगणातल्या गॅसच्या शेगडीवर मोठ्या हंड्यात आधण ठेवून लाल मिरची, मीठ, लिंबू, कांदा, लसूण घालतात. बटाटे आधी, क्रॉफिश नंतर. उकळी काही मिनिटांचीच. मग आच बंद करून सगळे त्याच पाण्यात मुरू देतात, कारण मसाला कवचाआत जायचा तो या मुरण्यात. शेवटी हंड्यातली जाळी वर्तमानपत्रे पसरलेल्या लांब टेबलावर उपडी करायची आणि भोवती उभ्यानेच खायचे. शेपटीतले मांस काढून डोक्यातला रस चोखला नाही, तर खाणे अर्धेच राहिले असे मानतात.

किनारपट्टीवर याची भावंडेही आहेत. साउथ कॅरोलायनात सेंट हेलेना बेटावरच्या फ्रॉगमोर वस्तीच्या नावाने ओळखला जाणारा स्ट्यू कोळंबी, कणीस आणि सॉसेजचा. ते बेट म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांची, गला लोकांची भूमी. मेरीलँडमध्ये खेकडे उकडत नाहीत, वाफवतात. त्यांवरचा ओल्ड बे मसाला घडवला गुस्ताव ब्रुन यांनी. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या या ज्यू व्यापाऱ्याने 1939 मध्ये बाल्टिमोरमध्ये मसाल्यांचा धंदा मांडला होता.

पण आजच्या पिशवीला तिची चव दिली ती व्हिएतनामी निर्वासितांनी. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडल्यावर आलेल्यांपैकी अनेक जण टेक्सास-लुइझियानाच्या आखातावर कोळंबी आणि खेकडे पकडू लागले. स्वागत झाले नाही. टेक्सासच्या सीड्रिफ्टमध्ये 1979 साली खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या जागेवरून पेटलेल्या भांडणात एक गोरा मच्छीमार मारला गेला आणि व्हिएतनामींच्या होड्या जाळल्या गेल्या. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना त्यात उतरली. व्हिएतनामी मच्छीमार कोर्टात गेले आणि 1981 मध्ये फेडरल न्यायालयाने क्लॅनला त्यांना धमकावण्यास मनाई केली. लसूण-लोण्याच्या त्या रसामागे हेही आहे, आणि ते विसरले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

केजन मसाला पाण्यात असतो. व्हिएतनामी स्वयंपाक्यांनी तो कवचावर आणला. उकडून झालेले क्रॉफिश भरपूर लसूण, लोणी आणि मसाल्यात घोळवायचे. ह्यूस्टनमध्ये ही व्हिएत-केजन पद्धत रुजली. सीड्रिफ्टमध्येच वाढलेल्या एका व्हिएतनामी-अमेरिकन तरुणाने पत्नीसह 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हला ‘द बॉइलिंग क्रॅब’ काढले आणि पिशवीतले बॉइल शहरोशहरी पसरले. एक हळहळ मात्र वाटते : सगळ्यांचा मिळून असलेला ढीग गेला आणि प्रत्येकाची आपापली पिशवी आली.

किनाऱ्यापासून दूर मासळीची साखळी चालवण्याचा मार्ग आधीच आखलेला होता. रेड लॉब्स्टरचे पहिले दुकान 1968 मध्ये निघाले तेच फ्लोरिडाच्या आतल्या लेकलँडमध्ये. स्नो क्रॅब तर पकडल्यावर लवकरच शिजवून गोठवतात. रेस्टॉरंटात तो फक्त गरम होतो. त्यामुळे किनाऱ्यावरचे गिऱ्हाईक आणि कॅन्ससचे गिऱ्हाईक बहुधा सारखीच नांगी फोडत असते. कोळंबी बहुतांश आयात होते आणि तिच्या मोठ्या पुरवठादारांत भारत आहे. खरा फरक पडतो क्रॉफिशमध्ये, कारण तो जिवंतच हंड्यात पडावा लागतो. पुढे इंटरनेटने भर घातली. कॅमेऱ्यासमोर बॉइल खाऊन प्रसिद्ध झालेली बेथनी गॅस्किन सिनसिनाटीची, म्हणजे ओहायोचीच. मे 2024 मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या रेड लॉब्स्टरनेही सावरताना 2025 मध्ये बॉइल मेन्यूवर आणले.

पाणी बिघडले की त्याची झळ आतल्या गावांपर्यंत पोहोचते. समुद्र तापल्याने बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅबची संख्या इतकी कोसळली, की 2022 मध्ये अलास्काने तिथला हंगाम इतिहासात प्रथमच रद्द केला. 2023 च्या दुष्काळाने लुइझियानाची खाचरे आणि दलदल सुकली, पुढच्या वसंतात क्रॉफिशचे भाव कडाडले आणि राज्यपालांना आपत्ती जाहीर करावी लागली. पिशवीतल्या कणसा-बटाट्याला अशी धास्ती नाही. नांग्यांपुढे मात्र मेन्यूवर अनेकदा आकडाच नसतो. तिथे ‘मार्केट प्राइस’ एवढेच लिहिलेले असते.