पेटीला तोंड नसतं

बेळगावच्या शहापुरातल्या एका दुकानात आमच्या घरची जुनी बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीला टाकली होती. मधल्या सप्तकातला गंधार, म्हणजे 'ग', चिरका वाजत होता. कारागिराने वरची फळी काढली, त्या सुराची पितळी रीड सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पितळेची पट्टी, तिच्यात एक लांबट खाच आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेट मारलेली पातळ जीभ. बस्स. भात्यातली हवा त्या खाचेतून जाते, जीभ खालीवर होते, हवेचा झोत तुटक तुटक होतो आणि सूर लागतो.

"चढवायचा तर टोकाला घासायचं, उतरवायचा तर बुडाला. इतकंच की हो," असं म्हणत त्याने कानस हलकेच फिरवली. टोक हलकं झालं की जीभ भरभर हलते. बूड पातळ केलं की तिचा ताठपणा कमी होतो आणि ती मंदावते. सगळं पदार्थविज्ञान त्या एका वाक्यात आलं.

गायन आणि वादन यांत फरक काय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, "शब्द." ते चूक नाही, पण अपुरं आहे. नुसत्या 'आ'कारातल्या आलापीत शब्द कुठे असतात? तरी शेजारच्या खोलीतून ऐकलं तरी गळा आहे की वाद्य, हे आपण चटकन सांगतो. गळ्याच्या जवळचं वाद्य म्हणून सारंगीचं किंवा सनईचं नाव घेतात. कानाला ते पटतं. रचना पाहिली तर मात्र गळ्याची सख्खी चुलत बहीण आहे ती पेटी, जिला निर्जीव म्हणून नाकं मुरडली जातात तीच.

सनईतही हवा आणि जिभलीच असते. पण तिथे जिभलीचं काही चालत नाही. सूर ठरवते नळी. भोकं उघडली की नळीची लांबी जणू बदलते आणि जिभलीला तिच्या तालावर नाचावं लागतं. हाच कायदा गळ्यात असता तर? पुरुषाच्या स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची वाट साधारण १७ सेंटिमीटरची. एका बाजूने बंद असलेली एवढी नळी सेकंदाला सुमारे ५०० कंपनं देते. म्हणजे भीमपलासातला खर्ज सोडाच, साधं बोलणंही जमलं नसतं, कारण पुरुष बोलतो तेव्हा कंपनं असतात शंभर-सव्वाशेच्या आसपास. गळ्यात सूर ठरतो तो स्वरतंतूंवर. वरची नळी काय म्हणते याची त्यांना फारशी पर्वा नसते. पेटीतली जीभही अशीच स्वतंत्र.

फरक आहे तो मालाचा. पितळेच्या जिभेचा सूर कानशीने एकदा ठरला की ठरला. स्वरतंतू म्हणजे मांस आणि त्यावरचं ओलसर, लवचीक अस्तर. स्वरयंत्रातली कूर्चा पुढे कलते, तंतू ताणून लांब होतात आणि सूर चढतो. तारेच्या वाद्यात लांबी वाढली की सूर उतरतो. इथे उलटं, कारण लांबीबरोबर ताणही वाढतो. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड गळ्याला फुकट मिळते ती अशी. पेटीला दोन पट्ट्यांमधली ती जागाच नाही. गळ्याला त्याची किंमतही मोजावी लागते. २४० कंपनांच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, एकूण अर्धा तास आवाज लावला तर तंतू चार लाखांहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात. गाताना मध्येच पाण्याचा घोट घेणं काही नखरा नव्हे.

आता तोंडाकडे या. 'आ', 'ई', 'ऊ' कुजबुजून पाहा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागत नाही. तरी तिन्ही स्वर वेगळे कळतात. ते गळ्यात तयार होतच नाहीत. जीभ, जबडा आणि ओठ मिळून वरच्या पोकळीचा आकार बदलतात. तो आकार काही कंपनं उचलून धरतो, काही दाबतो. सतारीचा भोपळा, व्हायोलिनचं पोटसुद्धा हेच करतं, पण त्यांचा आकार एकदा सुताराने ठरवला की कायमचा. गवयाचा भोपळा मात्र दर क्षणाला बदलतो.

ख्रिश्चन क्रॅट्झेनस्टाइन या संशोधकाने १७८० च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचं बक्षीस मिळवलं ते याच मुद्द्यावर. त्याने वेगवेगळ्या आकारांच्या नळ्या केल्या आणि त्यांतून माणसाचे पाच स्वर काढून दाखवले. त्यातल्या बहुतेक नळ्यांच्या बुडाशी त्याने काय बसवलं होतं? पेटीत असते तसली मोकळी जीभ! हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये निघालं १८४२ साली. त्याच्या कितीतरी आधी ही जीभ तोंड लावून 'आ' म्हणून गेली होती. पुढे पेटीत जीभ राहिली, तोंड गेलं. म्हणूनच आमच्या बेळगावात सकाळी कानडी वचनाला आणि संध्याकाळी मराठी अभंगाला एकच पेटी चालते. पाटीवर कुठली अक्षरं वर हवीत, हा वाद तिच्यापर्यंत पोचत नाही.

भात्याचंही तसंच. वाजवता वाजवता पेटीचा भाता भरता येतो. गाताना छातीचा भाता भरायचा तर सूर तोडावाच लागतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयाने निकामी झालं. पुढच्या त्यांच्या गाण्यात छोट्या, झपकन येऊन थांबणाऱ्या जागा आहेत. त्या केवळ फुफ्फुसामुळे आल्या, असं म्हणणं मला त्यांच्या प्रतिभेवर अन्याय करणारं वाटतं. पण ज्या वाद्यावर ते घडलं ते शरीर होतं, हे विसरून चालत नाही.

राहिला गंधार. कारागिराने तो यंत्रावर बघून बरोबर लावून दिला होता. तरी परवा टिळकवाडीत एका घरच्या बैठकीला पेटी नेली, तेव्हा तो तंबोऱ्याबरोबर थरथरायला लागला. हिशेब सोपा आहे. षड्ज २४० धरला तर शुद्ध गंधार ३०० वर येतो. पेटीचं सप्तक मात्र बारा सारख्या पायऱ्यांत कापलेलं असतं, तिचा गंधार पडतो ३०२.४ वर. तंबोऱ्याच्या १२० च्या खर्जाच्या तारेतून जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहिल्यामुळे, जो स्वयंभू गंधार उमटतो, तो ६०० चा. पेटीच्या गंधारातलं दुप्पट कंपन ६०४.८. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला जवळजवळ पाच वेळा लहानमोठा होतो. तीच ती थरथर. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागे हा ठरीव सूर आणि मींडेचा अभाव हीच तक्रार होती. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारखे पेटीवादक ज्या गावाने पाहिले, तिथे ही बंदी कुणाला गोड लागली असेल?

त्या बैठकीत यमन चालू होता. गाणाऱ्या बाई गंधारावर येऊन थांबल्या, तंबोऱ्यातला गंधार आणि त्यांचा गंधार एकात एक मिसळला. साथीला बसलेल्या काकांनी भाता हलका केला आणि गंधाराच्या पट्टीवरचं बोट अलगद उचललं. बाई पुढे निघाल्या, तसं ते पुन्हा खाली आलं.