बाळंतपणाच्या योजनांचे पैसे नेमके कुठे अडतात?

घरात दिवस गेल्याची बातमी आली की खर्चाचा हिशेब सुरू होतो, आणि त्यात हल्ली एक रक्कम सगळेच धरतात: 'सरकारचे पाच हजार येतील.' येतात, पण बाळंतपणाआधी सगळे येत नाहीत आणि आपोआप तर मुळीच येत नाहीत. सांगली जिल्ह्यात अर्ज परत आलेल्या बायकांचे कागद पाहिले की पात्रता नसल्यामुळे अडलेल्या कमी दिसतात. बहुतेकींचं अडतं ते नावावर, खात्यावर आणि तारखेवर. म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात योजना. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाली असेल तर 3000. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर 2000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000 एकरकमी, जन्मानंतर. पहिला मुलगा असला तरी हे मिळतात. 'पहिलीही मुलगीच हवी' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्याचा दाखला, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला यांतला कोणताही एक पुरावा चालतो. सगळे गोळा करत बसू नका. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना ही योजना नाही. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे, नाहीतर थेट पोर्टलवर.

आता नाव. लग्न झालेलं, पण आधारवर अजून माहेरचं नाव. माता-बाल संरक्षण कार्डावर सासरचं. बँकेत तिसरंच, कारण खातं कॉलेजात असताना काढलेलं. माणूस एकच, पण संगणकाला तीन बायका दिसतात. अशा वेळी लोक घाईने आधार बदलायला धावतात आणि मग बँकेचं जुळत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात माता-बाल संरक्षण कार्ड काढतानाच सिस्टरना आधार दाखवा आणि आधारवर आहे तसंच नाव, अक्षरासकट, लिहून घ्या. आधार बदलायचंच असेल तर अर्जाच्या आधी बदला, अर्ज चालू असताना नको.

खात्याचं त्याहून वाईट. आपल्याकडे बायकांचं खातं बऱ्याचदा गावच्या पतसंस्थेत असतं. तिथलं पासबुक इथे चालत नाही, बँकेचं किंवा पोस्टाचंच खातं लागतं, तेही तिच्या एकटीच्या नावावर. नवऱ्यासोबतचं जोडखातं नको. आणि 'आधार लिंक आहे' एवढं बँकेत ऐकून समाधान मानू नका. सरकारी पैसा ज्या खात्याला आधार शेवटी जोडलं त्या खात्यात जातो. कितीतरी जणींचे पैसे कुठल्यातरी विसरलेल्या खात्यात पडून असतात आणि त्या इकडे अंगणवाडीताईंना दोष देत असतात. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग'मध्ये कोणत्या बँकेचं नाव दिसतं ते पाहा. चालू खातं नसेल तर पोस्टमन घरी येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून देतो.

तारखेत फसगत कशी होते, तर पहिल्या अपत्याच्या अर्जाची मुदत 570 दिवस आहे, पण ती शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजतात. बाळाच्या जन्मापासून मोजणारे 'अजून दीड वर्ष आहे' म्हणत बसतात. प्रत्यक्षात बाळ नऊ-साडेनऊ महिन्यांचं होतं तोवर मुदत संपते. दुसऱ्या मुलीसाठी मात्र मोजणी जन्मापासून, 270 दिवस. एकाच योजनेत दोन वेगळ्या मोजण्या ठेवून वर 'मुदतीत अर्ज केला नाही' असा शेरा मारणाऱ्यांनी एकदा तरी हे दारावर मोठ्या अक्षरात लावायला हवं.

खानापूर-आटपाडीकडच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातल्या कुटुंबांना वेगळं सांगायला हवं. सून तमिळनाडूत किंवा केरळात, तपासण्या तिकडे, आणि सातव्या महिन्यात बाळंतपणाला ती इकडे येते. येताना तिकडचं कार्ड आणावंच लागतं. सहा महिन्यांच्या आतली तपासणी झाली होती हे दाखवणारा दुसरा कागद इथे तयार होत नाही. तसंच खासगी डॉक्टरांकडे दिलेल्या लसी. त्यांच्या फाइलवर त्या असतात आणि संरक्षण कार्डाचं पान कोरं. 14व्या आठवड्याची लस झाली की त्याच आठवड्यात सिस्टरकडून नोंद करून घ्या.

मुलगी झाली तर लेक लाडकी योजनाही आहे. 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर 5000, पहिलीत 6000, सहावीत 7000, अकरावीत 8000 आणि 18 पूर्ण झाल्यावर 75000, एकूण 1 लाख 1 हजार. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं आणि उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला 1 लाखाच्या आतला. केशरी कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचे अर्ज या दाखल्यावर परत येतात. पण खरा अडसर रेशनकार्डच आहे. सुनेचं नाव सासरच्या कार्डात नसतं, ते अजून वडिलांच्याच कार्डात असतं. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडे चढत नाही, आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल तर खेपा होतात. ओल्या बाळंतिणीला हे करायला लावू नका. पोट दिसायच्या आत उरकून घ्या. दोन अपत्यांवर कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचं प्रमाणपत्र पुढच्या हप्त्यांना लागतं. ते जपून ठेवा.

जन्मदाखल्याचं एक. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. मिरजेत बाळंतपण झालं तर दाखला तिथल्या महापालिकेचा, मग सासर जतला असो. 21 दिवसांत नोंद विनाशुल्क. दवाखान्यातला फॉर्म रात्री घाईत मामा भरतो आणि आईच्या नावाच्या रकान्यात घरात हाक मारतात ते 'पिंकी' लिहितो. सही करण्याआधी आईचं आधार शेजारी ठेवून वाचा.

आणि घरच्या हिशेबात हे पैसे धरूच नका. पहिले सहा महिने स्वतःचीच बचत लागते. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, जेवण आणि 102 ची गाडी मोफत असते, एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचारही. मोठी बचत तिथे होते. हे 5000 आले की मुलीसाठी पोस्टात सुकन्या खातं काढा. वर्षाला 250 रुपयांपासून चालतं, जन्मदाखला लागतो.

अर्ज दिल्यावर नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महिन्याभराने विचारा. त्रुटी निघालेला अर्ज पोर्टलवर दुरुस्तीच्या यादीत पडून राहतो, तुम्हाला कुणी कळवायला येत नाही. 'वरून अडलंय' हे उत्तर मानू नका. नाव, खातं की तारीख, काय अडलंय ते नेमकं विचारा आणि मुदत संपण्याआधी दुरुस्त करून घ्या.