पोराच्या हाती ग्लास येण्याआधी

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे सणाचे चार पैसे, मागत फिरतात. काही वर्षांपूर्वी पूर्व नागपुरातल्या एका गल्लीत सात-आठ वर्षांचा एक पोरगा बोजाऱ्याची नाणी चिंधीत बांधून नंदीच्या पाटीखाली, चाकांच्या मध्ये खोचत बसला होता. खिशात का नाही ठेवत, विचारलं. म्हणाला, "बाबा खिसे पाह्यते ना."

मारबतही त्याच दिवशी निघते, रोगराई-संकटं घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर रस्त्यावर येतं, आणि पोळ्याची ही कर अनेक घरांत पिण्याचा हक्काचा दिवस असते. चौदा-पंधराव्या वर्षी पोरगा पहिला ग्लास तोंडाला लावतो, तेव्हा आपण संगतीला, मोबाइलला, सिनेमाला दोष देतो. नंदीखाली पैसे लपवण्याची वर्षं त्या हिशोबात येतच नाहीत.

ती वर्षं हिशोबात कशी आली, याची कथा दारूपासून सुरू होत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचाराचा एक कार्यक्रम चालवत. 1985 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की वजन उत्तम उतरत असतानाच निम्म्याहून जास्त लोक उपचार सोडून जातात. त्यांनी या माणसांना बसवून आयुष्य विचारलं. एकामागून एक बालपणीचे लैंगिक अत्याचार बाहेर येऊ लागले. खाणं हा त्यांचा रोग नव्हताच, तो त्यांनी स्वतःच शोधलेला इलाज होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पुढे साथरोगतज्ज्ञ रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी 1995 ते 1997 मध्ये सतरा हजारांहून जास्त प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, अत्याचार, हेळसांड, आईला होणारी मारझोड, घरात कुणी व्यसनी, कुणी तुरुंगात. 1998 साली पहिला निबंध आला. असे चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांत दारूच्या आहारी जाण्याचा धोका सातपटींहून अधिक निघाला. हे लोक बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेले, आरोग्य विमा असलेले होते; म्हणजे सारा दोष गरिबीवर ढकलायची सोय राहिली नाही. 2006 मध्ये त्याच माहितीतून दिसलं की चौदाव्या वर्षापर्यंत दारू सुरू होण्याशी या अनुभवांचं घट्ट नातं आहे, आणि 1900 नंतर जन्मलेल्या प्रत्येक पिढीत ते टिकून आहे. जमाना बिघडला, हे उत्तर इथे पुरत नाही.

आठवणींवर बेतलेल्या अभ्यासाच्या मर्यादा असतात, आणि दारुड्याच्या पोराला आनुवंशिकतेचाही वाटा मिळतो. सोसलेलं प्रत्येक पोर पितंच, असं तर अजिबात नाही. एखादी आजी, एखादी मॅडम पाठीशी उभी राहिली तरी खूप फरक पडतो. पण रोज रात्री दाराची कडी वाजली की छाती धडधडणारं पोर सतत सावध राहायला शिकतं. ती धडधड दारूने घटकाभर थांबते, हे त्याला एकदा कळलं की तो ग्लास निव्वळ मजेचा राहत नाही.

आपल्याकडे विदर्भाने दारूशी दुसऱ्या बाजूने झुंज दिली. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून. 2010 च्या डिसेंबरात दारूबंदी मागत चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून हजारो बाया पायी नागपूरच्या विधानभवनावर आल्या; चंद्रपुरात 2015 साली बंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. पुण्यात 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांत बोललं जाऊ लागलं. बायांचा तो संताप खराच होता, त्यामागे मार खाल्लेली शरीरं होती. तरी चर्चा फिरली ती दुकानं, महसूल आणि पिणारा बाप यांच्याभोवती. पोराला काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

केंद्र सरकारच्या 2007 च्या अहवालात, महाराष्ट्रासह तेरा राज्यांत, दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं आढळलं. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 10 ते 17 वयाची 1.3 टक्के मुलं दारू घेणारी निघाली. थिनर, व्हाइटनर हुंगण्यात तर मुलांचं प्रमाण मोठ्यांच्या दुप्पट होतं. नशेच्या सगळ्या प्रकारांत मुलं पुढे असलेला हा एकच.

कायदा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं, आणि कलम 78 मुलाकडून दारूची विक्री किंवा ने-आण करवणाऱ्यालाही तेवढीच. म्हणजे "जा, भट्टीवरून माझा पव्वा घेऊन ये" म्हणून पोराला धाडणंही त्या शब्दांत बसतं. वस्तीत मात्र ते दूध-साखर आणण्यासारखंच घरकाम समजतात. पव्वा शर्टाखाली धरून घाईघाईने परतणारी पोरं संध्याकाळी दिसतात, उरलेली चिल्लर दुसऱ्या मुठीत घट्ट धरलेली.