‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ : एका तक्रारीची पार्श्वभूमी

शैली बदलणाऱ्या कलावंताला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही.’ पाठोपाठ येतो तो अधिक झोंबणारा आरोप, अप्रामाणिकपणाचा. पैशासाठी बदलला, वाऱ्यासोबत फिरला, स्वतःशीच खोटं वागला. या आरोपामागे एक गृहीतक आहे : कलावंताचा ‘स्व’ त्याच्या शैलीत राहतो, म्हणून शैली सुटली की स्वही सुटला. ही समजूत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही.

१६०० साली इटलीत जोव्हान्नी मारिया आर्तुझी या संगीतशास्त्रकाराने काही नव्या रचनांमधल्या विसंवादी स्वरांवर सडकून टीका केली. रचनाकाराचं नाव त्याने घेतलं नव्हतं, पण रोख क्लाउदिओ मोंतेव्हेर्दीवर होता. मोंतेव्हेर्दीने १६०५मध्ये उत्तर दिलं : मी अडाणीपणाने नियम मोडत नाही, ही ‘दुसरी पद्धत’ आहे. तिच्यात स्वर शब्दांच्या मागून चालतात, हा खुलासा १६०७मध्ये त्याच्या भावाने केला. या सगळ्या वादात ‘स्वतःशी प्रामाणिक’ असा सूर कुठेच लागत नाही. भांडण नियमांचं आहे. गंमत म्हणजे १६१०मध्ये याच माणसाने एकाच ग्रंथात जुन्या पद्धतीची प्रार्थना-रचनाही छापली आणि नव्या पद्धतीचीही. दोन्ही पद्धतींवर हुकमत असणं ही तेव्हा कारागिराची लायकी होती.

चित्र बदललं ते एकोणिसाव्या शतकात. कला म्हणजे अंतःकरणाचा उद्गार, हा विचार रुजला आणि श्रोता रचनेत माणूस शोधू लागला. १८५२मध्ये विल्हेल्म फॉन लेंझने बेटहोव्हेनच्या संगीताचे तीन शैलींत भाग पाडणारं पुस्तक लिहिलं. बदलाला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली, पण एका अटीवर : तो वाढत्या वयासारखा एकाच दिशेने गेला पाहिजे. परिपक्व होण्याची मुभा होती, भटकण्याची नव्हती. ही अट आजही आपल्या डोक्यातून गेलेली नाही.

आपल्याकडे निष्ठा मागितली जायची ती स्वतःशी नव्हे, घराण्याशी. गंडा बांधून शिष्य झालं की आवाजाचा लगाव म्हणजे स्वर लावण्याची ढब, लयीचा हिशेब, कोणते राग गायचे आणि कोणते टाळायचे, सगळं गुरूकडून येई. दुसऱ्या गवयाची एखादी जागा, म्हणजे स्वरांचं खास वळण, गळ्यात आली, तर ती लपवण्याकडे कल असे. पण घराण्याच्या मुळाशी जावं, तर तिथे बहुधा एक बदललेला माणूस बसलेला सापडतो.

अल्लादियाखाँसाहेबांचंच पाहा. जन्म १८५५चा, घरात धृपदाची परंपरा. राजस्थानातल्या आमलेटा दरबारात अति गाण्याने त्यांचा आवाज बसला आणि दीर्घकाळ बसलेलाच राहिला. पुढे तो परतला, पण पूर्वीचा नव्हे. जुनी गायकी या आवाजाला पेलेना, म्हणून त्यांनी नवी बांधली : पेचदार, लयीला घट्ट धरून चालणारी, अनवट रागांत रमणारी. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो आणि ज्याच्या शुद्धतेसाठी हमरीतुमरीवर येतो, ते या मोडलेल्या आवाजातून उभं राहिलं आहे.

याच घराण्याची तालीम आई मोगूबाई कुर्डीकरांकडून घेतलेल्या किशोरी आमोणकर जेव्हा आलापाला अधिक अवकाश देऊ लागल्या, भावाच्या मागे जाऊ लागल्या, तेव्हा ‘हे जयपूर नव्हे’ असं म्हणणारे निघालेच. संगीताला घराण्यांच्या भिंती घालणं किशोरीताईंना मुळातच मान्य नव्हतं. मला वाटतं, त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीपासून दूर गेल्या असतील, पण त्यांच्या वृत्तीपासून नाही.

विसाव्या शतकात निष्ठा मागणारा आणखी एक धनी आला : तबकडी. मैफलीतलं गाणं हवेत विरून जायचं, म्हणून गवई काल काय गायला याचा पुरावा उरत नसे. ध्वनिमुद्रिकेने तो पुरावा घरोघरी पोचवला. भर म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी काळ्यांचं आणि गोऱ्या ग्रामीण श्रोत्यांचं संगीत वेगवेगळ्या याद्यांत टाकून विकायला सुरुवात केली. ही विभागणी विक्रेत्यांच्या सोयीची होती. पुढे कलावंतांना त्याच खणांत उभं राहून आपली ओळख सांगावी लागली.

२५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात साध्या गिटारवर गाण्यासाठी ओळखला जाणारा अमेरिकी गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि श्रोत्यांतून हुर्यो उठली. पुढच्या मे महिन्यात मँचेस्टरच्या कार्यक्रमात एक श्रोता ‘जूडास!’ म्हणून ओरडला. जूडास म्हणजे येशूचा विश्वासघात करणारा शिष्य. वाद्य बदलणं आणि विश्वासघात यांची सांगड इतक्या उघडपणे क्वचितच घातली गेली असेल.

यावर कडी केली ती १९८३मध्ये. रॉक गायक नील यंगवर त्याच्याच ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने ३३ लाख डॉलरचा दावा लावला. तक्रार अशी की त्याचे नवे अल्बम चालण्याजोगे नाहीत आणि त्याच्या आधीच्या संगीताशी जुळत नाहीत. थोडक्यात, हा नील यंग नील यंगसारखा वाजत नाही! पुढे दावा मागे घेतला गेला. ज्या अल्बममध्ये त्याने यंत्रातून विरूप केलेला आवाज वापरला होता, त्यामागे बोलू न शकणाऱ्या आपल्या मुलाशी संवाद साधण्याची धडपड होती, असं त्याने नंतर सांगितलं. सर्वांत परका वाटलेला आवाज सर्वांत घरचा होता.

मग टिकतं काय? जॅझ वादक माइल्स डेव्हिसने १९५९ ते १९७० या काळात साथीदार, वाद्यं, ताल सगळं पालटलं, पण त्याच्या ट्रंपेटचा कंप टाळणारा, मोजक्याच स्वरांवर भागवणारा नाद दोन क्षणांत ओळखू येतो. शैली बदलली, लगाव राहिला. कलावंत बदलला की मी आता हा लगावच आधी शोधतो, आणि तो सापडला नाही तरच शंका घेतो.

कुमार गंधर्वांचा प्रवास मात्र या कसोटीलाही पुरून उरतो. लहानपणी ते नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. म्हणजे सुरुवातच दुसऱ्यांच्या आवाजात! नंतर मुंबईचे गायनगुरू देवधर मास्तर यांच्याकडे तालीम झाली, मग क्षयाने गाठलं. देवासला बिछान्यावर, गाणं बंद असलेल्या वर्षांत, माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, ते एका फुप्फुसाच्या बळावर आणि वेगळ्याच गायकीत. लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले. यात घराणं कुठलं, हा प्रश्न लोक विचारत राहिले.

पुढे याच कुमारांनी बालगंधर्वांची पदं गायला घेतली. आता हुबेहूब नक्कल करण्याचा प्रश्नच नव्हता. कार्यक्रमाचं नाव त्यांनी ठेवलं : ‘मला उमजलेले बालगंधर्व’.