कालवा शिबिरातील निवास

ब्रिटनमधील बंद पडलेले कालवे पुन्हा नावा चालण्याजोगे करण्यासाठी श्रमदान करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मुक्कामाची ही साधी सोय. कामाच्या जागेजवळचे गावचे सभागृह, स्काउटांची इमारत, क्रीडामंडळाची जागा किंवा चर्चचा हॉल आठवडाभरासाठी घेतला जातो आणि वीसेक माणसे तिथल्या जमिनीवर पथारी पसरतात. पलंग नसतात, स्वतंत्र खोल्याही नसतात. हवा भरायची गादी किंवा चटई आणि स्लीपिंग बॅग ज्याने त्याने घरून आणायची.

अठराव्या शतकापासून खोदलेल्या या कालव्यांची मालवाहतूक आधी रेल्वेने आणि मग ट्रकांनी हिरावून घेतली. कित्येक कालवे गाळाने भरले, काही तर कायदा करूनच बंद करण्यात आले. ते वाचवण्यासाठी १९४६ साली इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. ग्रॅहम पामर यांनी १९६६ साली ‘नॅव्हीज नोटबुक’ हे पत्रक सुरू केले. कोणत्या कालव्यावर कधी काम आहे, हे त्यातून देशभरच्या उत्साही मंडळींना कळू लागले. (कालव्याला पूर्वी ‘नॅव्हिगेशन’ म्हणत, त्यावरून तो खोदणारा मजूर ‘नॅव्ही’ झाला. हे नाव आजचे स्वयंसेवकही अभिमानाने मिरवतात.) यातूनच १९७० साली वॉटरवे रिकव्हरी ग्रुप ही स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली. माणसे दुरून येऊ लागली, तशी त्यांना रात्री झोपवायचे कुठे हा प्रश्नही आला. बहुतेक कालवे खेड्यापाड्यांतून जातात आणि हाती पैसा तुटपुंजा, त्यामुळे हॉटेलांचा विचारही शक्य नव्हता. गावच्या सभागृहाने हा प्रश्न सोडवला. पुनरुज्जीवनाच्या इतिहासात जलपाशांचे (नावा वरखाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांचे) नवे दरवाजे आणि पुलांच्या कमानी यांची नोंद होते. सभागृहांच्या या जमिनींचीही तितक्याच मानाने व्हायला हवी.

शिबिर साधारणपणे शनिवार ते शनिवार चालते. सहभागींकडून घेतल्या जाणाऱ्या माफक शुल्कात जेवण आणि निवास दोन्ही येतात. इंग्लंडमधल्या अशा सभागृहाला बहुधा स्वयंपाकघर, स्वच्छतागृहे आणि एखादे छोटे व्यासपीठ असते. बॅडमिंटनच्या कोर्टाच्या रेषांवर गाद्या मांडल्या जातात. लवकर पोचलेले भिंतीकडेची जागा धरतात, उशिरा आलेल्यांच्या वाट्याला मधली येते. बाजूला एखादी खोली असली तर घोरणाऱ्यांची रवानगी तिकडे होते. पुष्कळ ठिकाणी शॉवर नसतो, मग सगळे मिळून जवळच्या तरणतलावावर किंवा क्रीडासंकुलात आंघोळीला जातात.

खरी कसोटी चिखलाची. दिवसभर गाळात उभे राहून आलेल्यांनी बूट दाराबाहेरच काढायचे, कामाचे कपडे झोपायच्या जागेपासून दूर ठेवायचे, हा नियम नव्या माणसालाही पहिल्या संध्याकाळीच कळतो. सभागृहाची जमीन स्वच्छ राहावी हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक गंभीर: कालव्याच्या पाण्यातून उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून खाण्यापूर्वी हात नीट धुणे सक्तीचे असते. पावसाळी आठवड्यात ओले कपडे वाळवायचे कुठे, हा तर रोजचाच पेच.

या निवासाचे केंद्र म्हणजे स्वयंपाकघर. शिबिराचा नेता आणि त्याचा मदतनीस यांच्याइतकेच आचाऱ्याचे पद महत्त्वाचे, कारण दिवसभर फावडे मारलेल्या वीस जणांची भूक एका माणसाच्या भरवशावर असते. सकाळी गरम न्याहारी, दुपारी कामावरच सँडविच आणि रात्री भरपेट जेवण. भांडी घासायला सगळ्यांचा हात लागतो. विद्यार्थी, निवृत्त अभियंता, कारकून अशी एरवी कधी न भेटणारी माणसे एकाच टेबलाशी बसतात. तरुणांसाठीच्या ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराच्या सुवर्ण श्रेणीसाठी घराबाहेर अनोळखी लोकांत राहण्याची अट असते. ती पुरी करायलाही अनेक तरुण या शिबिरांत येतात.

शेवटच्या सकाळी जमीन झाडून पुसली जाते, खुर्च्या जागच्या जागी लागतात आणि किल्ल्या परत केल्या जातात. त्या गावात पुन्हा पाऊल ठेवायचे असते, म्हणून यात हयगय चालत नाही. एकेका कालव्याचे काम वर्षानुवर्षे चालते: वेल्सच्या सीमेवरील माँटगोमेरी कालव्यावर स्वयंसेवकांनी १९६९ साली वेल्शपूल येथे मोठे श्रमदान केले. त्या कालव्याचे काम अजून पुरे झालेले नाही.