लंडन ते सिडनी: अंतर तेच, थांबे गळाले

लंडन आणि सिडनी यांच्यातले हवाई अंतर साधारण १७,००० किलोमीटर. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर त्याची जी लांबी भरेल ती ही. तिला ताशी ९०० किलोमीटरने भागले की १९ तास येतात. भागाकार सोपा, पण तो आकाशात उतरायला शतक गेले आणि त्यात निव्वळ वेगाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

१२ नोव्हेंबर १९१९ रोजी रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिकना घेऊन लंडनजवळच्या हाउन्सलोहून ‘व्हिकर्स व्हिमी’ विमानाने निघाले. ३० दिवसांच्या आत ऑस्ट्रेलिया गाठणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांना तिथल्या सरकारने १०,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. १० डिसेंबरला ते डार्विनला उतरले. म्हणजे २८ दिवस. पण प्रत्यक्ष हवेत किती? जेमतेम १३६ तास, सहा दिवसही नाहीत. बाकीचा सगळा काळ इंधन, दुरुस्ती, चिखल आणि रात्रींनी खाल्ला.

१९३५ मध्ये लंडन–ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू झाली, तिला साडेबारा दिवस लागत. गंमत म्हणजे या ‘विमानप्रवासा’तला पॅरिस ते इटलीतले ब्रिंडिसी हा टप्पा रेल्वेचा होता.

१९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती गेले आणि ही वाट मधोमध तुटली. त्यावरचा तोडगा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसी वाटतो. जुलै १९४३ पासून ‘कॅटालिना’ ही पाण्यावर उतरणारी विमाने पर्थहून थेट श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरापर्यंत जाऊ लागली, मधे कुठेही न थांबता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद. दिशा ठरवायची ती ताऱ्यांवरून. इंधनाचेच ओझे इतके, की प्रवासी जास्तीत जास्त तीन. वेग बेताचाच, त्यामुळे उड्डाण २७ ते ३३ तासांचे व्हायचे आणि एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा. ‘डबल सनराइझ’ हे नाव त्यावरूनच पडले.

१ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचे ‘कॉन्स्टेलेशन’ विमान सिडनीहून लंडनकडे झेपावले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे सहा थांबे आणि चार दिवस. या वाटेला ‘कांगारू रूट’ म्हणतात, आणि उड्या मोजल्या तर ते नाव चपखल आहे. १९५९ मध्ये बोइंग ७०७ जेट आले. वेगातली मोठी उडी इथे झाली आणि इथेच संपली! आजची विमानेही जवळजवळ त्याच वेगाने उडतात. नंतर कमी होत गेले ते थांबे.

ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासच्या नव्या ७४७-४०० ने लंडन–सिडनी विनाथांबा कापले, २० तास ९ मिनिटांत. नेहमीचे प्रवासी नव्हते, इंधन खास जास्त घनतेचे होते, आणि धावपट्टीपर्यंत जाताना ते जळू नये म्हणून विमान ओढत नेले होते. नोव्हेंबर २०१९ मधल्या चाचणीत बोइंग ७८७-९ ला १९ तास १९ मिनिटे लागली. ते सुमारे १७,८०० किलोमीटर उडाले. दोऱ्याच्या लांबीपेक्षा हे जास्त, कारण वैमानिक वारे आणि मोकळे आकाश पाहून वाट निवडतो.

दिशेनेही फरक पडतो. १४,४९८ किलोमीटरची पर्थ–लंडन विनाथांबा सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये इराणचे आकाश टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागला, तेव्हा लंडनला जाणारे विमान इंधनासाठी सिंगापूरला उतरवावे लागले. परतीचे मात्र थेटच येत राहिले, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात.

२०२२ मध्ये क्वांटासने सिडनी–लंडन थेट उड्डाणासाठी १२ एअरबस ए३५०-१००० विमानांची मागणी नोंदवली. त्यांत २०,००० लिटरची जादा टाकी आहे. योजनेचे नाव ‘प्रोजेक्ट सनराइझ’. ते त्या तीन प्रवाशांच्या कॅटालिनांवरून घेतले आहे.